जागे राहणारे घड्याळ

वेळ झाली की आपोआप सुरू होणारी आणि काम संपले की आपोआप बंद होणारी यंत्रे आज घरोघरी आणि शेतोशेती आली आहेत. घरातील संगणक ठरलेल्या वेळी जागा होऊन दूरदर्शनवरील कार्यक्रम कसा टिपून ठेवतो आणि पुन्हा झोपी कसा जातो, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे. यंत्राने केव्हा उठावे हे नीट ठरवले नाही, तर केवढे नुकसान होते, हे बारामती व इंदापूर भागातील शेतीपंपांच्या उदाहरणावरून स्पष्ट केले आहे.

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागात बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके आहेत. त्यांच्या दक्षिणेकडून नीरा नदी वाहते. इंदापूरच्या उत्तरेला आणि पूर्वेला भीमा नदी आहे. नरसिंहपूर या गावी या दोन नद्यांचा संगम होतो. नीरा डाव्या कालव्याचे पाणी या दोन्ही तालुक्यांतून फिरते. म्हणूनच येथे उसाचे हिरवेगार मळे दिसतात.

कालव्याचे पाणी सर्वांना एकाच वेळी मिळत नाही. ते पाळीपाळीने मिळते. ज्याची पाळी रात्री दोन वाजता असेल, त्याने दोन वाजता उठून शेतावर जायचे आणि दारे धरायची. पाणी कोणासाठी थांबत नाही. डोळा लागला, तर पाळी गेलीच म्हणून समजा!

अशा वेळी माणूस काय करतो? गजर लावतो. तुम्हीसुद्धा गजर लावत असालच. परीक्षेच्या दिवसांत अभ्यासासाठी, रमजानमध्ये सहरीसाठी, कधी पहाटेची एस.टी. पकडण्यासाठी. गजर लावणे म्हणजे काय, याचा कधी विचार केला आहे का? आपण झोपतो, पण आपल्यासाठी उशाचे घड्याळ जागे राहते. आपल्याला झोपेत वेळ मोजता येत नाही, म्हणून ते काम आपण घड्याळावर सोपवतो. एवढी गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढचा सगळा पाठ समजायला तिचाच उपयोग होणार आहे.

आता शेतातून घरात येऊ. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. मुले घरी बसली. त्यांचा अभ्यास बुडू नये म्हणून अनेकांनी प्रयत्न केले. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. ती पहिली ते आठवीच्या मुलांसाठी होती. प्रत्येक इयत्तेची वेळ ठरलेली होती. ज्यांच्याकडे चांगला मोबाइल नव्हता, अशा घरांतील मुलांनाही दूरदर्शन पाहून शिकता येत होते.

पण दूरदर्शनचेही कालव्याच्या पाण्यासारखेच आहे. वेळ टळली की पाळी गेली. समजा, एखाद्या घरात एक मुलगी पाचवीत आणि तिचा भाऊ सातवीत आहे. आईवडील सकाळीच खुरपणीला गेले आहेत. मुलीला पाणी भरायला जावे लागले आणि नेमका तेव्हाच तिचा पाठ होऊन गेला. आता काय करायचे? तो पाठ कोणी टिपून ठेवला असता, तर तिला संध्याकाळी निवांतपणे पाहता आला असता.

दूरदर्शनचा कार्यक्रम टिपून ठेवण्याची युक्ती जुनीच आहे. १९७६ साली जपानमधील जेव्हीसी या कंपनीने व्हीएचएस प्रकारचा व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर बाजारात आणला. नंतरच्या रेकॉर्डरमध्ये घड्याळ असे. वेळ लावून ठेवली की यंत्र आपोआप सुरू होई आणि कार्यक्रम फितीवर मुद्रित करी. पुढे हेच काम संगणक करू लागला. संगणकात दूरदर्शनचे संकेत पकडणारे एक छोटे कार्ड बसवतात. ते कार्ड छपरावरील छत्रीला तारेने जोडतात. डीडी फ्री डिशवरील ज्या वाहिन्या कुलूपबंद नसतात, त्या या कार्डाला दिसतात. मग संगणकाला वेळापत्रक द्यायचे: अमुक वाहिनी, अमुक दिवस, अमुक वेळ. अशा कामासाठी ‘मिथटीव्ही’ नावाची मोफत आज्ञावली २००२ सालापासून लोक वापरत आले आहेत.

येथे एक अडचण येते. कार्यक्रम सकाळी साडेसात वाजता आहे. त्या वेळी संगणक चालू हवा. मग तो दिवसरात्र चालूच ठेवायचा का? चला, हिशोब करून पाहू. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. आपला संगणक ६० वॅटचा आहे, असे धरू. तो २४ तास चालला तर १४४० वॅट-तास, म्हणजे जवळजवळ दीड युनिट वीज लागते. महिन्याला ती सुमारे ४३ युनिट होते. प्रत्यक्ष काम मात्र रोज दोनच तासांचे! उरलेले बावीस तास तो उगाच जागा राहतो.

बरे, संगणक पूर्ण बंद करून ठेवला, तर वीज वाचेल. पण सकाळी तो सुरू कोण करणार?

यावर उपाय म्हणजे संगणकाला झोपवणे. झोपणे आणि बंद होणे यांत फरक आहे. संगणक झोपतो तेव्हा त्याचा पडदा, पंखा, चकती आणि हिशोब करणारा मुख्य भाग हे सर्व थांबतात. फक्त त्याच्या तात्पुरत्या स्मृतीला विजेची बारीकशी धार मिळत राहते. त्यामुळे कोणते काम कोठवर आले होते, हे तो विसरत नाही. जागा झाला की काही सेकंदांत तेथूनच पुढे कामाला लागतो. यंत्राने कसे झोपावे आणि कसे उठावे, याचे नियम १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी मिळून प्रसिद्ध केले. त्यांना ‘एसीपीआय’ म्हणतात.

झोपलेला संगणक तीन वॅट वीज घेतो, असे धरू. बावीस तासांचे ६६ वॅट-तास आणि जागेपणीच्या दोन तासांचे १२० वॅट-तास, मिळून १८६ वॅट-तास झाले. महिन्याला साडेपाच युनिटांच्या आसपास! कोठे ४३ आणि कोठे साडेपाच! 

आता खरा प्रश्न पुढे आहे. संगणकाचा हिशोब करणारा भागच झोपला, तर साडेसात वाजले हे त्याला कळणार कसे?

उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्यासाठी दुसरे कोणीतरी जागे राहायला हवे. संगणकाच्या मुख्य पट्टीवर एक छोटेसे घड्याळ असते. १९८४ साली आयबीएम कंपनीच्या ‘पीसी-एटी’ या संगणकात असे घड्याळ विद्युत घटासह बसवलेले होते. तेव्हापासून ते संगणकाचा कायमचा सोबती झाले आहे. त्याला काटे नसतात आणि त्याचा टिकटिक आवाजही येत नाही. पुष्कळ संगणकांत त्याच्याजवळ रुपयाच्या नाण्यासारखा गोल, चपटा घट बसवलेला असतो. घराची वीज गेली तरी या घटाच्या जोरावर घड्याळ काही वर्षे चालू राहते. म्हणूनच महिनाभराने संगणक सुरू केला, तरी तो तारीख बरोबर सांगतो.

हे घड्याळ वेळ कसे मोजते? त्यात गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, एक लहान स्फटिक असतो. विजेच्या योगाने तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा असा विचित्र का, असे तुम्हाला वाटेल. वही घ्या आणि त्याची निमपट करा. १६,३८४ आले. पुन्हा निमपट करा. ८,१९२ आले. असे एकूण पंधरा वेळा करत गेलात, तर शेवटी बरोबर १ उरतो. निमपट करणे हे विजेच्या मंडलाला फार सोपे जाते. म्हणून पंधरा निमपटींनंतर घड्याळाला सेकंदाचा एक ठोका मिळतो. साध्या क्वार्ट्झच्या मनगटी घड्याळातही हाच आकडा असतो.

या घड्याळात गजराची सोय असते. संगणक झोपण्यापूर्वी त्यात उठण्याची वेळ लिहून ठेवतो. घड्याळ आपले सेकंद मोजत राहते. चालू वेळ आणि लिहिलेली वेळ जुळली की ते एक इशारा देते. त्या इशाऱ्याने संगणकाचा वीजपुरवठा पुरता सुरू होतो, पंखा फिरू लागतो, चकती गती घेते आणि संगणक जागा होतो.

ठरलेले काम बिनचूक व्हावे म्हणून संगणकाला काही नियम पाळावे लागतात. ते समजून घेऊ.

पहिला नियम, थोडे आधी उठणे. कार्यक्रम साडेसातला असेल, तर गजर सात पंचवीसचा लावतात. जागे व्हायला, वाहिनी शोधायला आणि मुद्रण सुरू करायला वेळ लागतो. शाळेची घंटा साडेसातला होत असेल, तर तुम्हीही साडेसातला उठत नाही ना?

दुसरा नियम, घड्याळ बरोबर ठेवणे. साधे घड्याळ दिवसाला एकदोन सेकंद पुढे किंवा मागे जाते. महिन्याला मिनिटभराचा फरक पडू शकतो. म्हणून मधूनमधून ते इंटरनेटवरील वेळेशी जुळवून घेतात. आणखी एक गंमत आहे. पुष्कळ संगणक या घड्याळात भारताची वेळ न ठेवता जागतिक वेळ ठेवतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजतात, तेव्हा त्या घड्याळात दोन वाजलेले असतात. हे ध्यानात न घेता गजर लावला, तर संगणक उठेल खरा. पण दुपारी एक वाजता!

तिसरा नियम, झोपण्यापूर्वी विचारपूस करणे. मुद्रण संपले म्हणून संगणकाने लगेच डोळे मिटायचे नसतात. घरातील कोणी आता कार्यक्रम पाहत आहे का? चकतीवर लिहिण्याचे काम पुरे झाले का? दहा मिनिटांत दुसरा कार्यक्रम सुरू होणार आहे का? या सर्व प्रश्नांची उत्तरे ‘नाही, काम पुरे झाले, नाही’ अशी आली, तरच त्याने झोपावे.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. आधी पुढचा गजर लावायचा, मगच झोपायचे. हा क्रम उलटा होऊन चालत नाही. एकदा डोळा लागल्यावर गजर लावता येईल का? गजर न लावता झोपलेला संगणक उद्याच काय, परवाही उठणार नाही. पाचवीतल्या मुलीचा पाठ पुन्हा बुडेल.

इतके सगळे नीट केले आणि मध्येच वीज गेली तर? खेड्यात हे नेहमीचेच आहे. स्मृतीला मिळणारी बारीक धार तुटते आणि संगणक सारे विसरतो. त्याचे घड्याळ घटावर चालूच राहते. साडेसातची वेळ आली तरी घरात वीज नसेल, तर गजर होऊनही उपयोग नाही. हाक मारणारा आहे. पण उठायला अंगात बळ नाही, अशी त्याची स्थिती होते.

यावर उपाय आहेत. इन्व्हर्टर असेल तर उत्तमच. नसेल, तर संगणकाला अधिक गाढ झोपवता येते. तेव्हा तो स्मृतीतील सर्व मजकूर चकतीवर उतरवून ठेवतो आणि मगच झोपतो. मग वीज गेली तरी तो काही विसरत नाही. आणखी एक सोय पुष्कळ संगणकांत असते. वीज परत आली की संगणकाने आपोआप सुरू व्हावे, असे त्यात ठरवून ठेवता येते. सुरू झाल्यावर तो वेळापत्रक पाहतो. कार्यक्रम चालू असेल, तर उरलेला भाग टिपून घेतो. नसेल, तर पुढचा गजर लावून पुन्हा झोपतो.

वीज आली की आपोआप सुरू व्हायचे, ही युक्ती बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला नवी नाही. शेतीपंपाला थ्री फेज वीज लागते. ती वर्षानुवर्षे काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री अशी मिळत आली. रात्री वीज येणार असेल, तर शेतकऱ्याने अंधारात विहिरीवर जायचे. वाटेत साप, विंचू. अंगाला झोंबणारी थंडी. ओल्या हाताने विजेच्या पेटीला हात लावायचा. यातून सुटका व्हावी म्हणून पुष्कळांनी पंपाला ऑटोस्विच बसवला. वीज आली की पंप आपोआप सुरू! शेतकरी घरी झोपू शकला. त्याचे यात काय चुकले?

एकट्याचा विचार केला, तर काहीच चुकले नाही. पण एका रोहित्रावर, म्हणजे गावाच्या भाषेत एका डीपीवर, अनेकांचे पंप असतात. समजा, डीपी १०० केव्हीएची आहे. तिची क्षमता सुमारे १३९ अँपिअर असते. तिच्यावर पाच अश्वशक्तीचे १८ पंप आहेत. चालू असताना एक पंप सुमारे ७ अँपिअर वीजप्रवाह घेतो. अठरा पंपांचे १२६ अँपिअर झाले. येथवर सारे ठीक आहे. परंतु थांबलेली मोटार सुरू होताना, थेट वीज मिळाली तर, काही सेकंद नेहमीच्या सहापट प्रवाह ओढू शकते. वीज येताच अठराही पंप एकदम उठले, तर ७५६ अँपिअर! डीपी हा भार कसा सोसणार? फ्यूज उडतात, तारा तापतात आणि डीपी जळूही शकते. मग नवी डीपी येईपर्यंत अठराही शेते कोरडी राहतात. म्हणूनच महावितरण कंपनीने ऑटोस्विच काढून टाकण्याचे आणि पंपांना कपॅसिटर बसवण्याचे आवाहन शेतकऱ्यांना वेळोवेळी केले आहे. कपॅसिटरमुळे तारेवरचा प्रवाह काहीसा कमी होतो.

आता दोन्ही यंत्रांची तुलना करा. संगणक वेळ पाहून उठतो, प्रश्न विचारतो आणि नंतर कामाला लागतो. साधा ऑटोस्विच नुसती वीज आलेली पाहतो. शेजारचे सतरा पंपही याच क्षणी उठत आहेत, हे त्याला माहीत नसते. त्यालाही संगणकासारखे थोडे थांबायला शिकवता येते. काही स्टार्टरमध्ये वेळ मोजणारा भाग असतो. वीज आल्यावर पहिला पंप लगेच, दुसरा दहा सेकंदांनी, तिसरा वीस सेकंदांनी, असे ठरवले, तर अठरावा पंप १७० सेकंदांनी सुरू होईल. तीन मिनिटेसुद्धा लागणार नाहीत. शेवटच्या पंपाच्या वेळीही भार १६१ अँपिअरपर्यंतच चढेल आणि लगेच खाली येईल. तसेच, तिन्ही फेज आले आहेत का, विहिरीत पाणी आहे का, हे पाहणारी साधनेही पंपाला बसवता येतात. फेज कमी असताना किंवा विहीर कोरडी असताना पंप चालू राहिला, तर मोटारीचे नुकसान होते. मात्र सेकंदांची ही वाटणी एकट्याने करून भागत नाही. एका डीपीवरच्या सर्वांनी एकत्र बसून ती ठरवावी लागते. कालव्याच्या पाण्याची पाळी ठरवतात, तशीच ही उठण्याची पाळी!

माणसाला रात्री उठावेच लागू नये, असाही प्रयत्न चालू आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने ऊस पिकवण्याचा प्रयोग हाती घेतला आहे. अशा शेतात हवा आणि जमिनीतील ओलावा मोजणारी छोटी यंत्रे लावतात. बॅटरीवर चालणारी अशी यंत्रे बहुतेक वेळ झोपवून ठेवता येतात. वेळ झाली की ती उठतात, ओलावा मोजतात, आकडा पाठवतात, पुढचा गजर लावतात आणि पुन्हा झोपतात. तुमच्या लक्षात आले का? चौथा नियम येथेही तोच आहे.

मुलांनो, आज घरी गेल्यावर आजूबाजूच्या यंत्रांकडे नीट पाहा. दूरदर्शन संच रिमोटने बंद केला, तरी त्यावरचा लहान दिवा तांबडा दिसतो. तुमच्या हातातील रिमोटची हाक ऐकण्यासाठी त्याचा एक भाग जागा आहे, अशी ती खूण आहे. असे प्रत्येक यंत्र पाहताना तीन प्रश्न विचारा. हे झोपल्यावर यातले कोण जागे राहते? ते कोणाच्या हाकेने उठते? आणि ते उठल्याने शेजाऱ्याला त्रास तर होत नाही ना?

शब्दार्थ

पाळी – ठरलेला क्रम, वारी
दारे धरणे – शेतात एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी वळवणे
खुरपणी – खुरप्याने तण काढण्याचे काम
आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच
विद्युत घट – सेल, बॅटरी
स्फटिक – नियमित आकाराचा खडा
निमपट – अर्धा भाग
रोहित्र – विजेचा दाब कमी-जास्त करणारे यंत्र, डीपी
आवाहन – जाहीर विनंती

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नीरा आणि भीमा या नद्यांचा संगम कोठे होतो?
(आ) संगणकातील घड्याळाचा स्फटिक सेकंदाला किती वेळा कंप पावतो?
(इ) ‘टिलीमिली’ ही मालिका कोणत्या वाहिनीवर सुरू झाली?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) संगणकाने झोपण्यापूर्वीच पुढचा गजर लावला पाहिजे.
(आ) सर्व पंप एकदम सुरू झाले, तर डीपी जळू शकते.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) संगणकाचे झोपणे आणि बंद होणे यांत काय फरक आहे?
(आ) शेतकऱ्यांनी पंपाला ऑटोस्विच का बसवले?

प्र. ४. पुढील शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
तारीख, हिशोब, जमीन, महिना

उपक्रम : तुमच्या घरातील कोणकोणती यंत्रे रात्री पूर्ण बंद असतात आणि कोणती नुसती झोपलेली असतात, त्यांची यादी करा.